‘धमनी चिरली तरी शस्त्रक्रिया नको?’ या आक्षेपाला उत्तर

महोदय,

पोटातील धमनी आतून चिरलेली असताना शस्त्रक्रियेविना उपचारांची भलामण करणे म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडणे होय, हा आपला आक्षेप मी काळजीपूर्वक वाचला. आपल्या परिचितांना तातडीने स्टेंट बसवला म्हणूनच ते वाचले, असेही आपण लिहिले आहे. त्यांचे अहवाल पाहिल्याशिवाय त्या निर्णयावर मी बोलणार नाही. आक्षेपावर मात्र बोलायलाच हवे.

माझा लेख होता सुपीरियर मेसेन्टेरिक धमनीच्या, म्हणजे लहान आतड्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीच्या, आपोआप होणाऱ्या विच्छेदनाविषयी (आतून चिरण्याविषयी), तेही ती जिच्यातून निघते ती महाधमनी शाबूत असताना. यात भिंतीचा आतला थर चिरतो, रक्त थरांमध्ये शिरते आणि खऱ्या मार्गाशेजारी खोटा मार्ग तयार होतो. धमनीचा बाहेरचा थर बहुतेकदा टिकून राहतो, त्यामुळे ती फुटून पोटात रक्तस्राव होणे विरळाच. खरी भीती असते ती खोट्या मार्गाने खरा मार्ग दाबला जाऊन लहान आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याची. म्हणूनच चीर किती लांब आहे यापेक्षा आतड्यापर्यंत रक्त पोहोचते आहे का, हा प्रश्न आधी येतो.

रुग्ण वेदनेने तळमळत असतो, पण पोट दाबून पाहावे तर मऊ लागते. पोट असेच मऊ राहिले आणि सीटी अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटी स्कॅनमध्ये) आतड्याचा रक्तपुरवठा नीट दिसला, तर खाणेपिणे थांबवून सलाईन, वेदनाशामके आणि रक्तदाबावर ताबा एवढ्यावर बहुसंख्य रुग्ण सावरतात. रक्त पातळ करणारी औषधे सरसकट द्यावीत का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. हे सारे रुग्णालयातच, जिथे रात्री-अपरात्री शल्यचिकित्सक येऊ शकतो तिथेच करायचे असते; ‘घरी पडून राहा’ असे मी कुठेही लिहिलेले नाही. पोट ताठरले, वेदना हटेना किंवा रक्तातील लॅक्टेट (ऊतींना रक्त कमी पडले की वाढणारा घटक) चढू लागले, की थांबण्याची मुभा संपते. (लॅक्टेट सुरुवातीला सामान्य असू शकते, त्यामुळे त्या एका आकड्यावर विसंबणेही बरे नव्हे.)

स्टेंटलाही किंमत मोजावी लागतेच, आणि मी बिलाविषयी बोलत नाही: तो पुढे बुजू शकतो, धमनीच्या उपशाखांची तोंडे झाकू शकतो आणि रक्तातील चकत्यांना (प्लेटलेट्सना) गुठळी करण्यापासून रोखणारी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. शस्त्रक्रिया टळलेल्या रुग्णालाही पुन्हा सीटी करून खोटा मार्ग आटला की फुगला, हे तपासावेच लागते. आणि जेवणानंतर पोट दुखून वजन उतरू लागले, म्हणजे आतड्याला रक्त कमी पडत असल्याची चिन्हे दिसली, तर त्याला स्टेंट सुचवणाऱ्यांत मीही असेन.