मागचा लाइट झगमगीत केला की झालं का?

आधी कंपनीच्या ग्रुपवर, मग गावच्या, मग पाहुण्यांच्या, असा एकच मेसेज आठवडाभर फिरतोय. "बाईकवाल्यांनो, मागून कुणी ठोकू नये म्हणून एवढं कराच", खाली पाच मुद्दे आणि शेवटी दहा जणांना पाठवा. पाठवणारे आपलेच आहेत, हेतूही चांगला आहे, पण पाचातले साडेचार मुद्दे गंडलेले असले तर गप्प किती बसायचं. मी आष्ट्याहून कुपवाड एमआयडीसीला जातो, सेकंड शिफ्ट करून रात्री परत, आणि कारखाने सुरू झाले की त्याच रस्त्याला उसाच्या डबल ट्रॉल्या असतात, त्यामुळं मागून येणारा आपल्याला बघतोय का नाही हा विचार मला रोजचाच.

पहिला मुद्दा, "नवीन गाड्यांची लाइट कायम चालूच असते, काळजी नको." एप्रिल २०१७ पासून हेडलाइट कायम चालू ठेवायचा नियम आला हे बरोबर, पण ती सोय मुख्यतः समोरच्यासाठी आहे, मागच्याला तिचा काय उपयोग? मागचा लाल लाइटपण बहुतेक गाड्यांत सोबत लागतो खरा, पण साध्या बल्बच्या गाडीत तो असतो फक्त ५ वॅटचा. एकाच बल्बात दोन तारा असतात, ५ वॅटची कायम जळणारी आणि १० किंवा २१ वॅटची ब्रेकची. आता गंमत बघा, बारकी तार उडाली तरी ब्रेक दाबल्यावर लाइट लागतोच, त्यामुळं आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. माझी उडालेली मला कळलीच नव्हती, तुंगजवळ एका दूधवाल्या काकांनी गाठून सांगितलं, "अहो, मागं सगळा अंधार हाय तुमच्या." किती दिवस तसाच फिरत होतो देव जाणे. हेडलाइट गेली तर रस्ता दिसत नाही म्हणून लगेच कळतं, मागची गेली तर दुसऱ्यानं सांगावं लागतं. आणि चालू असली तरी तिच्यावर वैरणीचा भारा नाहीतर पोतं लोंबत असेल तर काय फायदा.

दुसरा, "रात्री चारी इंडिकेटर चालू ठेवून चालवा." मग वळायचं कसं सांगणार? हात दाखवून? शिवाय तुमची डावी बाजू एखाद्या ट्रॉलीच्या आड गेली की मागच्याला फक्त उजवा लुकलुकताना दिसतो, तो समजतो तुम्ही उजवीकडं निघालात आणि डावीकडून घुसतो. गाडी बंद पडून कडेला उभी असेल तर चारी लावा, चालत्या गाडीला नको.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र मला थांबायचंय, कारण तोच सगळ्यांना आवडलाय. "नंबर प्लेटखाली लाल-निळी फ्लॅश होणारी एलईडी पट्टी लावा, जितका जास्त लखलखाट तितकी जास्त सेफ्टी." निळं सोडाच, मागच्या बाजूला इंडिकेटर आणि नंबर प्लेटचा दिवा असे ठरलेले अपवाद वगळता लाल सोडून दुसरा उजेड दाखवायचा नाही हा नियमच आहे. पण नियम बाजूला ठेवा. मागून येणाऱ्याला नुसतं "काहीतरी आहे" हे कळून भागत नाही, ते किती लांब आहे आणि थांबतंय का पळतंय हे कळावं लागतं. मी ४० नं चाललोय, मागची गाडी ८० नं येतेय, म्हणजे आमच्यातलं अंतर सेकंदाला ११ मीटरनं कमी होतंय, त्याला मी ३० मीटरवर कळलो तर त्याच्या हातात तीन सेकंदपण नाहीत. त्यात अंधारात सारखा उघडझाप करणारा एकच ठिपका असला तर अंतराचा अंदाज आणखी चुकतो. आणि मुख्य म्हणजे ब्रेक लाइटचं कामच मुळी फरकावर चालतं, मंद होता तो एकदम भडक झाला म्हणजे पुढचा थांबतोय. तुम्ही कायमच भडक ठेवला तर तो फरक जातो. बाजारात मिळणाऱ्या काही स्वस्त एलईडी बल्बचं हेच दुखणं आहे, ब्रेक दाबला काय न दाबला काय, सारखंच दिसतं. त्यातही लाल काचेत पांढरी एलईडी टाकली तर फिकट गुलाबी उजेड पडतो, टाकायचीच तर लाल टाका. (आणि जी पोरं टेललाइटवर काळी फिल्म मारतात त्यांच्याशी मी बोलतच नाही.)

चौथा, "पोपटी जॅकेट घाला नाहीतर रेडियम चिकटवा, एकच." एकच नाही हो. यातलं रेडियम तेवढं बरोबर, हाच तो अर्धा मुद्दा. पोपटी रंग दिवसा आणि तिन्हीसांजेला झकास उठतो, कारण तो उन्हातल्या अतिनील किरणांवर चमकतो, रात्री हेडलाइटपुढं ती जादू संपते. परवा रानातल्या वाटेवर गाडी उभी केली, सीटवर जॅकेट टाकलं, शंभर पावलं मागं आमच्या दाजींची कार लावून लाइट टाकली. जॅकेट मळकट फडक्यासारखं दिसलं, आणि साडीगार्डवरची चार बोटं रुंद लाल पट्टी मात्र बल्ब लावल्यागत पेटली. त्या पट्टीत बारीक काचेचे मणी नाहीतर प्रिझम असतात, उजेड जिकडून आला तिकडंच परत फेकतात, बॅटरी संपली, वायर तुटली तरी काम चालू. पण दुकानात रेडियम म्हणून साधा रंगीत स्टिकरपण गळ्यात मारतात, तेव्हा मोबाईलची टॉर्च डोळ्याच्या शेजारी धरून चार पावलांवरून बघा, पेटला तरच घ्या. मागं लाल लावा, पांढरा लावला तर समोरून काहीतरी येतंय असं वाटू शकतं. आणि एकाच जागी नको, हेल्मेटच्या मागं, बॅगेवर, दोन्ही बाजूंना असा पसरून लावा म्हणजे ठिपका न दिसता आकार दिसतो.

पाचवा, "स्पीड कमी केला की ब्रेक लाइट लागतोच." ब्रेक दाबला तर लागतो. गिअर उतरवून, रेस सोडून गाडी हळू केली तर मागच्याला काहीच कळत नाही, डिग्रजच्या वळणाला आपण सगळे हेच करतो. मी आता आधी आरशात बघतो आणि गाडी हळू व्हायच्या आधीच दोनदा ब्रेकला नुसता पाय टेकवतो, लाइट लागण्यापुरता. तेसुद्धा मागच्या ब्रेकचा स्विच नीट असला तर. माझा पायडल पाऊण दाबल्याशिवाय लाइट लागत नव्हता, मिस्त्रीनं स्विचचा नट चार आटे फिरवला, किती झाले विचारलं तर म्हणाला, "ह्याचं काय घ्यायचं, चहा सांगा."