युनिकोड सपोर्ट म्हणे!

'युनिकोड सपोर्टेड' असं मिरवणारं कुठलंही टूल दिसलं की हल्ली डोकंच फिरतं. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना एकेक कोड नेमून देणारी पद्धत. सपोर्ट म्हणजे काय, तर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसत नाहीत. संपला सपोर्ट!

जुन्या मराठी पुस्तकांची डिजिटल संहिता करायची, कुठला शब्द किती वेळा येतो ते मोजायचं, म्हणून मार्गदर्शिका उघडावी, तर 'अगदी सोपं आहे' इथूनच सुरुवात. असेल हो, इंग्रजीत असेल. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत शब्द वेगळे काढायला जो तो बॅकस्लॅश डब्ल्यू, म्हणजे 'शब्दातलं कुठलंही अक्षर' ही खूण, वापरायला सांगतो. त्या डब्ल्यूच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातला मोडका पाय, काही म्हणजे काही शब्दात धरायचं नसतं. 'मराठी' दिलं की हातात पडतं 'मर' आणि 'ठ'. मर काय मर! त्यात काही लोकप्रिय लायब्ररी (प्रोग्रामचे तयार संच) एका अक्षराचा तुकडा मोजतच नाहीत, म्हणजे 'ठ'सुद्धा गेला. बरं, एरर तरी द्यावी? छे! खाली रंगीबेरंगी आलेख झोकात तयार, आणि असले आलेख परिसंवादात दाखवून लोक टाळ्याही घेत असणार, मला खात्री आहे. पायथनसोबत येणारं शब्द शोधायचं मॉड्यूल सोडून 'रेजेक्स' नावाचं वेगळं घेतलं की शब्द अख्खे मिळतात. एवढासा बदल! पण तो मार्गदर्शिकेत लिहायला कुणाचे हात दुखतात?

शोधाची तर बोंबच. 'दऱ्या' शोधा. कुणी नुक्तावाल्या, म्हणजे खाली टिंब असलेल्या, ऱचा पाय मोडून टाइप केलंय, कुणी साध्या रचा पाय मोडून पुढे न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडायचं चिन्ह) चिकटवलाय. डोळ्यांना एकच, कॉम्प्युटरला दोन. अर्धे 'दऱ्या' सापडतच नाहीत. 'ॲ'ला 2008 पासून स्वतंत्र कोड आहे, तरी लोक अजून 'अ'वर चंद्र चढवतायत. आणि 'नॉर्मलायझेशन करा, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारे टाइप केलेलं एकसारखं करून घ्या, सुटेल' असं छातीठोक सांगणाऱ्यांनो, एकदा एनएफसी हा त्यातला नेहमीचा प्रकार चालवून बघाच या दोन्हींवर. ढिम्म फरक पडत नाही.

सगळ्यात वैताग म्हणजे प्रकाशकाने उपकार केल्यासारखी पाठवलेली 'सॉफ्ट कॉपी'. ती असते छपाईच्या मांडणीसाठीच्या जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये, म्हणजे युनिकोडच्या नावाने शंख. कन्व्हर्टरमधून काढली की रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो आणि पहिली वेलांटी भलत्याच्याच गळ्यात पडते, कारण त्या फॉन्टांत वेलांटी आधी आणि अक्षर मागून, जसं दिसतं तसं साठवलेलं. मग अख्खं पुस्तक ओळ न् ओळ तपासत बसा. याला म्हणे 'ऑटोमेशन'!

वर शहाणे विचारतात, मग मराठीत मार्गदर्शिका तूच का लिहीत नाहीस? लिहितो की. आधी या फाइलीतले रफार जागेवर बसवू देत.