व्यायामानंतरचा अर्धा तास: चार दाव्यांचा प्रतिवाद

व्यायाम संपल्यावर ३० मिनिटांत प्रथिने पोटात गेली नाहीत तर मेहनत वाया जाते, एका वेळी ३० ग्रॅमपेक्षा अधिक प्रथिने शरीराच्या कामी येत नाहीत, वजन घटवायचे असेल तर त्या वेळी कर्बोदके वर्ज्य करावीत आणि जेवणापेक्षा प्रोटीन पावडर श्रेष्ठ, अशा आशयाचा मजकूर मोठ्या विश्वासाने पुढे पाठवला जातो. त्यातील एकही विधान जसेच्या तसे मान्य करता येत नाही.

अर्ध्या तासाच्या मुदतीचा दावा सर्वांत खोलवर रुजलेला आहे. वजने उचलण्याच्या व्यायामानंतर स्नायू अमिनो आम्लांना, म्हणजे प्रथिने पचल्यावर मिळणाऱ्या घटकांना, अधिक प्रतिसाद देतात हे खरे. परंतु ही वाढलेली ग्रहणशीलता किमान २४ तास टिकते, तिचे दार अर्ध्या तासात बंद होत नाही. २०१३ साली शोनफेल्ड, अ‍ॅरॅगॉन आणि क्रीगर या संशोधकांनी तोवरच्या प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा लगेच प्रथिने घेणाऱ्यांच्या स्नायूंची वाढ प्रथमदर्शनी अधिक दिसली. पण त्यांच्या आहारात एकूण प्रथिनेच जास्त होती, आणि तो फरक हिशेबात धरताच वेळेचा लाभ उरला नाही. शिवाय व्यायामापूर्वी एक-दोन तास आधी नीट जेवलेल्या माणसाच्या रक्तात व्यायाम संपल्यावरही त्या जेवणातील अमिनो आम्ले येतच असतात. रात्रभराच्या उपाशी पोटी सकाळी व्यायाम करणाऱ्याने मात्र त्यानंतरचे खाणे फार लांबवू नये.

३० ग्रॅमच्या मर्यादेचे मूळ ज्या प्रयोगांत आहे, त्यांत दुधातील व्हे किंवा अंडे यांसारखी लवकर पचणारी प्रथिने देऊन केवळ काही तासच मोजमाप केले गेले होते. २०२३ साली नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथील संशोधकांनी व्यायामानंतर काहींना २५ आणि काहींना १०० ग्रॅम दुधाची प्रथिने देऊन १२ तास निरीक्षण केले, तेव्हा मोठ्या मात्रेचा परिणाम अधिक आणि दीर्घकाळ टिकणारा आढळला. म्हणून कोणी एका बैठकीत १०० ग्रॅम प्रथिने खावीत असे मुळीच नाही. दर जेवणात शरीराच्या प्रतिकिलो वजनामागे ०.२५ ते ०.३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला १५ ते १८ ग्रॅम प्रथिने सामान्यतः पुरतात. वृद्धांना सुमारे ०.४ ग्रॅम लागतात. स्नायू वाढवू पाहणाऱ्याने दिवसभरात प्रतिकिलो १.६ ग्रॅमच्या आसपास पोहोचावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हे आकडे डॉक्टरांना विचारल्याविना स्वीकारू नयेत.

कर्बोदकांच्या बाबतीत हा मजकूर सर्वाधिक दिशाभूल करतो. दीर्घ किंवा तीव्र व्यायामात स्नायूंमधील ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या शर्करेचा, साठा खर्च होतो आणि तो कर्बोदकांनीच भरून निघतो. पुढचा सराव आठ तासांच्या आत असेल, तर पहिले चार तास दर तासाला प्रतिकिलो १ ते १.२ ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, असे क्रीडा आहारशास्त्र सांगते. घाई खरोखर आवश्यक आहे ती इथे. पुढचा व्यायाम दुसऱ्या दिवशी असेल, तर दिवसभराच्या नेहमीच्या जेवणांतून तो साठा भरतो. वजन घटते ते एकूण ऊर्जेच्या तुटीमुळे, व्यायामानंतरचा भात किंवा बटाटा टाळल्यामुळे नव्हे.

पावडर ही सोय आहे, आणि तिला तेवढेच स्थान द्यावे. अर्ध्या तासाची धास्ती घातली की स्वयंपाकाला वेळच उरत नाही, मग पावडर अपरिहार्य वाटू लागते. हे दोन दावे एकमेकांच्या आधाराने टिकून आहेत. २०१७ सालच्या एका प्रयोगात प्रथिनांची मात्रा सारखीच, १८ ग्रॅम, ठेवूनही नुसत्या पांढऱ्या बलकापेक्षा संपूर्ण अंड्यांनी व्यायामानंतरची स्नायूंमधील प्रथिननिर्मिती अधिक वाढवली. अंडी आणि भाजलेला बटाटा, मासे आणि भात, दही आणि फळे, कडधान्ये आणि भाकरी किंवा पाव, यांपैकी कोणतेही जेवण चालेल. वनस्पतिजन्य प्रथिनांत ल्युसीन हे स्नायूंच्या प्रथिननिर्मितीला चालना देणारे अमिनो आम्ल तुलनेने कमी असल्यामुळे शाकाहारी व्यक्तीने प्रमाण थोडे वाढवावे आणि सोयाबीनचाही समावेश करावा.

त्या मजकुरात पाण्याचा साधा उल्लेखही नाही, ही मला त्यातील सर्वांत मोठी उणीव वाटते. व्यायामात घामावाटे वजन एक किलोने घटले असेल आणि लवकरच पुन्हा व्यायाम करायचा असेल, तर पुढील काही तासांत सव्वा ते दीड लिटर द्रव थोडेथोडे करून प्यावे, आणि ते शरीरात टिकावे यासाठी सोबतच्या जेवणात मीठ असावे.