हो, मी रांगलो

'एकच सबवूफर असेल तर तो कुठे ठेवायचा?' या माझ्या लेखावर एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. सबवूफर, थोडक्यात सब, म्हणजे खालचे जाड स्वर, म्हणजेच बास, वाजवणारा स्पीकर; त्याची जागा खोलीत रांगत, कानांनी शोधा, असं मी लेखात सांगितलं होतं. तिथेच चार ओळींत उत्तर द्यायला बसलो होतो, मावेना, म्हणून हे वेगळं लिहितोय. प्रतिक्रिया ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: लेखातलं गणित चुकलंय; सब सरळ कोपऱ्यात ठेवावा आणि जिथे आवाज फुगतो तिथे ईक्यूने (ठरावीक स्वर कमी-जास्त करायच्या सोयीने) कापावा; एकापेक्षा दोन सब केव्हाही बरे. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं देतो: "रांगणं लहान मुलांना शोभतं, तुम्ही एक माइक विकत घ्या."

आधी गणित. पाच मीटर लांबीच्या खोलीचा पहिला मोड, म्हणजे ज्या सगळ्यात खालच्या स्वराला खोली स्वतःच घुमते तो, मी 43 हर्ट्झ लिहिला होता. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर, त्याला लांबीच्या दुपटीने भागायचं, उत्तर 34. आकडे उलटे पडले. चूक माझीच, दुरुस्त केली आहे, आभार. पण त्या एका आकड्यावरून "लेखकाला ध्वनिशास्त्राचा गंधही नाही" इथपर्यंत पोहोचायची घाई कशाला? दोनच ओळी खाली रुंदीचा मोड दिला होता, 3.6 मीटरला 48 हर्ट्झ, तो बरोबर होता. तो दिसला नाही वाटतं.

मतभेदाचं मला वावडं नाही. जुने वाचक साक्ष देतील की माझे निम्मे लेख त्यांनीच सुधारून दिलेत. पण सुधारणं वेगळं आणि टपली मारणं वेगळं. "लहान मुलांना शोभतं" हे लिहिताना आपल्याला गंमत वाटली असेल. मला नाही वाटली.

तर रांगण्याबद्दल. हा प्रकार माझ्या डोक्यातून निघालेला नाही, जगभर त्याला 'सबवूफर क्रॉल' म्हणतात आणि त्यामागे चोख भौतिकशास्त्र आहे. आवाज करणारा आणि ऐकणारा यांनी जागांची अदलाबदल केली तरी दोघांमधल्या वाटेचा परिणाम तोच राहतो. म्हणून सब उचलून तुमच्या बसायच्या जागी ठेवायचा, शक्यतो कान असतात तेवढ्या उंचीवर, आणि तुम्ही भिंतीकडेने, सब जिथे जिथे मावू शकेल तिथे, कान जमिनीजवळ नेऊन ऐकत जायचं. जिथे बास एकसारखा ऐकू येईल तिथे सब ठेवला की खुर्चीवर तसाच ऐकू येतो. सब वीस जागी ओढत नेण्यापेक्षा कान वीस जागी नेणं सोपं, एवढीच यातली हुशारी. बेस गिटारची चढती-उतरती ओळ लावा आणि प्रत्येक स्वर सारख्या जोराने येतो का ते बघा. नुसते स्फोट लावून काही कळत नाही, स्फोट सगळीकडेच बरे वाटतात.

मी हे केलं तेव्हा सोफ्यावर उशी, उशीवर वीस किलोंचा सब, आणि मी कोपरांवर. समोरच्या भिंतीच्या मध्यापासून निघालो. तिथे सगळे स्वर होते, पण अंगात जोर नव्हता. हातभर पुढे गेलो तर एकच स्वर असा फुगला की कपाटाची काच किणकिणायला लागली. बाकीचे स्वर त्याच्या मागे लपले. आणखी दीड हात गेलो तर तोच स्वर गायब. गायब म्हणजे कमी नव्हे, गायब. डोकं वीतभर मागे घेतलं की परत हजर. दीड हातात घडणारा हा फरक ज्याने स्वतःच्या कानांनी ऐकलाय तो "सरळ कोपऱ्यात ठेवा" असं छातीठोकपणे लिहीत नाही. दर जागेवर खडूने फुली मारत गेलो. गुडघे दोन दिवस दुखत होते, तेही सांगून टाकतो, म्हणजे आपल्याला आणखी एक विनोद करता येईल.

आणि माइक? माइक माझ्याकडे आहे. रूम ईक्यू विझार्ड हे मोजणीचं सॉफ्टवेअरही आहे. लेखाच्या दुसऱ्या भागात स्वीपचे, म्हणजे खालून वर सरकत जाणारा स्वर वाजवून केलेल्या मोजणीचे, तीन आलेख दिले होते. आपण तिथवर पोहोचलाच नाहीत, हे आपल्या प्रतिक्रियेवरून उघड दिसतं. रांगून दोन-तीन जागा निवडायच्या आणि मग माइकने त्यांच्यातली एक ठरवायची, हेच तर लिहिलं होतं! माइक मी नाकारलेला नाही. माइक नसलेल्या माणसाला आज संध्याकाळी काय करता येईल ते सांगितलं, एवढंच.

मी हे सतरा वर्षं करतोय. पहिला सब मी आपण म्हणता तसाच, पुढच्या कोपऱ्यात ठेवला होता. सोफा खोलीच्या बरोब्बर मध्यावर. सिनेमात हेलिकॉप्टर आलं की मला पंख्यांची फडफड ऐकू यायची, धडधड नाही. बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "जरा कमी कर, इथे भांडी हलतायत." मी बिचारा आवाज वाढवत होतो! महिनाभर सबलाच दोष देत राहिलो, बदलून आणायलाही निघालो होतो. खोलीच्या मध्यावर लांबीच्या पहिल्या मोडचा दाब जवळपास शून्य असतो, हे नंतर कळलं. तिथे बसणाऱ्यासाठी सब कुठेही सरकवून उपयोग नसतो, सोफाच हलवावा लागतो. मी तो दोन हात मागे घेतला आणि हेलिकॉप्टर एकदाचं घरात उतरलं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही.

ईक्यूचंही तेच. फुगलेला आवाज ईक्यूने कापता येतो, मान्य, मीही कापतो. पण खड्डा भरता येत नाही. थेट येणारी लाट आणि भिंतीवरून परतलेली लाट जिथे एकमेकींना खातात, तिथे तुम्ही जेवढं वाढवाल तेवढं परतणारंही वाढतं. वर 6 डेसिबल वाढवायला ॲम्प्लिफायरला चौपट पॉवर लागते, 10 वाढवायला दहापट. कोपऱ्यातला सब खोलीचे सगळे मोड जोरात उठवतो हे खरं आहे, पण ऐकणारा कुठे बसलाय हे कोपऱ्याला माहीत नसतं.

दोन सबबद्दल फार बोलत नाही. हरमन या ऑडिओ कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी 2002 मध्ये यावर निबंध मांडला, समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सब ठेवल्याने वेगवेगळ्या खुर्च्यांवरचा फरक कमी होतो हे त्यात आहे, आणि ते मला ठाऊक आहे. पण लेखाचं शीर्षक पुन्हा वाचा. एकच सब असेल तर. ज्याच्याकडे छत्री एकच आहे त्याला दुसरी घ्या म्हणणं हा सल्ला नव्हे. क्रॉसओव्हर आणि फेजबद्दल आपण जे लिहिलंय ते लेखाच्या विषयाबाहेरचं आहे, त्यात शिरत नाही.

आता एक गोष्ट सांगतो, नाहीतर आपण ती कुठूनतरी शोधून काढाल. सध्याच्या खोलीत रांगून, फुल्या मारून, माइकने मोजून शेवटी माझा सब जिथे गेला ती जागा डाव्या कोपऱ्यापासून दीड वीत अंतरावर आहे. दीड वीत म्हणजे कोपरा नव्हे. अगदी कोपऱ्यात ढकलला तर 48 हर्ट्झच्या आसपास बाजूच्या खुर्चीवर गुरगुर वाढते, मोजून पाहिलंय. वाढ किती, म्हणाल तर दोन डेसिबल. ते कमी आहे की जास्त यावर आपण वाद घालालच.

घाला. फक्त येताना आपल्या कोपऱ्यातल्या सबचा स्वीप सोबत आणा, 20 ते 120 हर्ट्झ, स्मूदिंग (आलेख गुळगुळीत करणं) न लावता, आणि माइक सोफ्यावर ठेवून घेतलेला. माझे तीन आलेख लेखाच्या दुसऱ्या भागात आहेत, जिथे आपण अजून पोहोचलेला नाहीत.