दाराशी बसलेली गोटी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका. वय तुम्हीच प्रतिक्रियेत सांगितलंत म्हणून काका म्हणतोय, राग मानू नका.

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की इंदूरच्या गल्लीत पंचवीस वर्षं कॅरम खेळूनही पहिल्याच स्पर्धेत पहिल्याच फेरीत मी गार झालो, आणि पुढची तीन वर्षं रोज अर्धा तास एकेक शॉट घोटून, वहीत मांडून, कुठे थोडाफार खेळाडू झालो. त्यावर बडोद्याहून तुमची भलीमोठी प्रतिक्रिया आली. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. कॅरम हा हाताचा खेळ, तो हात उपजत असतो नाहीतर नसतो. पन्नास वेळा तोच शॉट मारणं ही कारकुनी. सोपी गोटी मुद्दाम न घेणं हा कद्रूपणा. दांडिया बाजारातल्या वाड्यात तुम्ही असल्या हिशेबाशिवाय रात्रीच्या रात्री जागवल्या. आणि जाता जाता, राणीचा नियमही मी अर्धवट लिहिला.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. गेम 25 गुणांचा, आणि त्यातल्या एकेका डावाला बोर्ड म्हणतात. बोर्ड जिंकणाऱ्याला समोरच्याच्या उरलेल्या गोट्यांचा एकेक गुण, आणि राणी त्यानेच कव्हर केली असेल, म्हणजे तिच्यापाठोपाठ आपली गोटी टाकली असेल, तर वर तीन. पण 22 वर पोचलेल्याला राणीचे तीन मिळत नाहीत. हे शेवटचं वाक्य मी खाऊन टाकलं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे. ही चूक बारीकही नाही, कारण तिथून पुढे खेळच बदलतो: तुम्ही 22 वर असाल तर राणी घ्यायची ती गुणांसाठी नव्हे, समोरच्याला मिळू नये म्हणून. नाहीतर तिच्यामागे धावून आपलाच बोर्ड विस्कटायचा, हे मी स्वतः केलेलं आहे.

आता हाताचं. मारिया इरुदयम काय वही घेऊन बसायचे, असं तुम्ही विचारलंत. चेन्नईचा हा माणूस 1991 आणि 1995 असा दोनदा जगज्जेता झाला, कॅरमसाठी अर्जुन पुरस्कार मिळवला. त्यांच्या खोलीत डोकावून ना तुम्ही पाहिलंत ना मी. आपण आपल्या पातळीचं बोलू.

माझा हात वाईट कधीच नव्हता. रामबागेत आमच्या ओट्यावर संध्याकाळी बोर्ड लागला की शेजारपाजारची पोरं 'भिया का कट देखो' म्हणत उभी राहायची. कट म्हणजे गोटीला कडेवर मारून तिरपी पाठवणं. हाच हात घेऊन मी स्पर्धेला गेलो आणि दहा मिनिटांत कळलं की माझे अर्धे शॉट मी खुर्चीवरून अर्धवट उठून मारतो. तिथे बूड हलवता येत नाही. कोपर बोर्डावर आत नेता येत नाही. स्ट्रायकर बेसलाइनच्या, म्हणजे जिथून मारायचं त्या पट्टीच्या, दोन्ही रेषांना टेकलेला हवा, आणि कोपऱ्यातल्या लाल गोलावर ठेवलात तर गोल पूर्ण झाकलेला हवा. नुसता कापून चालत नाही. ओट्यावर हे बघतो कोण? आम्ही तर गोलावर अर्धा स्ट्रायकर ठेवून राणी काढायचो आणि वर टाळ्या घ्यायचो. पंच दोनदा नुसते 'हं' म्हणाले, तिसऱ्यांदा फाउल. त्यानंतर माझा हात जो थरथरायला लागला तो गेम संपेपर्यंत थांबला नाही.

म्हणून पन्नास वेळा तोच शॉट. तुम्हाला वाटतंय की मी हाताला घाण्याला जुंपलं. खरं म्हणजे मला चूक पकडायची होती. ओट्यावर दर वेळी शॉट वेगळा असतो. चुकला की 'पावडर कमी होती' म्हणून मोकळं होता येतं. पण एकच गोटी, एकच जागा, एकच पॉकेट धरून बसलात तर सबबी संपतात. तिसऱ्या दिवशी वहीत दिसलं की डावीकडचे माझे कट चुकतात ते सगळे एकाच बाजूला चुकतात. गोटी जाड लागते, म्हणजे स्ट्रायकर तिला हवा त्यापेक्षा जास्त मधोमध बसतो. आणि कारण काय, तर मी स्ट्रायकरचा मध्य गोटीच्या त्या बिंदूवर रोखत होतो जिथे तो टेकायला हवा. पण टेकतो तो मध्य नव्हे, कड टेकते. स्ट्रायकर चार सेंटिमीटरहून थोडा मोठा, गोटी तीनहून थोडी मोठी; दोघं भिडतात तेव्हा त्यांच्या मध्यांत साडेतीन सेंटिमीटरहून जास्त अंतर असतं. स्ट्रायकरचा मध्य गोटीच्या मध्यापासून तितका बाहेर धरायला हवा. उजवीकडे माझा हात हे आपोआप करत होता, डावीकडे नाही. पंचवीस वर्षं मी हेच चुकत आलो आणि 'डावा कट माझा कच्चाच आहे' म्हणून त्याला जन्मखूण समजत आलो. उपजत म्हणतात ते कधी कधी एवढंच असतं काका.

आता कद्रूपणाचा आरोप. तो मला जास्त लागला, म्हणून जरा सविस्तर.

गणपतीत आमच्याकडे मंडळाच्या स्पर्धा असतात. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघायच्या आत फायनल उरकायची, म्हणून उपांत्य सामने रात्री साडेअकरापर्यंत चालतात. अशाच एका उपांत्य सामन्यात समोर एक निवृत्त गृहस्थ, स्वेटरसारखी जाड बंडी घातलेले, दर शॉटआधी चष्मा कपाळावर सरकवणारे. तिसरा गेम, आठवा म्हणजे शेवटचा बोर्ड. ते 21, मी 18. पांढऱ्या माझ्या, तीन उरलेल्या. त्यांच्या काळ्या सहा उरलेल्या, पण राणी त्यांनी आधीच कव्हर करून ठेवलेली. पाळी माझी.

माझी एक पांढरी त्यांच्या उजव्या हाताच्या पॉकेटच्या अगदी तोंडाशी, फुंकर मारली तर आत जाईल अशी. दुसरी बोर्डाच्या मधोमध, सरळ. तिसरी माझ्याच बेसलाइनच्या मागे, फ्रेमला चिकटलेली. मी काय केलं? जे ओट्यावर पंचवीस वर्षं केलं तेच. तोंडाशी असलेली आधी टाकली, मग मधली टाकली. मागे कोणीतरी 'वा' म्हणालं. तिसरीला रिबाउंड मारला, म्हणजे स्ट्रायकर समोरच्या फ्रेमवर आपटून मागे आणला; ती फ्रेम सोडून दोन बोटं सरकली आणि थांबली.

गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवला. मी ज्या पॉकेटचं दार मोकळं केलं होतं त्याच्या रांगेत त्यांच्या तीन काळ्या उभ्या होत्या. एक, दोन, तीन. उरलेल्या तीन तर उघड्याच होत्या. सहाच्या सहा एका पाळीत. माझी एक गोटी उरली, तिचा एक आणि राणीचे तीन. 21 ला असल्यामुळे तेही चालले. 25. सामना संपला. हात मिळवताना ते एवढंच म्हणाले, "राखणदार आपणच उठवलात की."

तोंडाशी बसलेली गोटी कुठे पळून जाणार नव्हती. ती तिथे असेपर्यंत त्यांना ते पॉकेट बंद होतं. त्यांनी ठोकली असती तर माझीच गोटी माझ्या खात्यात गेली असती आणि त्यांची पाळी गेली असती. मला आधी फ्रेमची अवघड गोटी सोडवायची होती, आणि सुटली नाही तर दार बंद ठेवूनच पाळी द्यायची होती. याला तुम्ही कद्रूपणा म्हणता. बिलियर्ड्समध्ये निदान पांढरा चेंडू कुठे थांबतो याची काळजी असते. आपल्याकडे स्ट्रायकर प्रत्येक शॉटनंतर हातात परत येतो, म्हणून आपल्याला वाटतं की पुढचा शॉट म्हणजे नवी पाटी. नवी नसते. बोर्डावर जे उरलं ते आपणच मांडलेलं असतं. पॉकेट करणं मला पंचवीस वर्षं येत होतं. काय शिल्लक ठेवायचं ते त्या बंडीवाल्या आजोबांनी एका पाळीत शिकवलं. नवख्याचा खेळ आणि स्पर्धेचा खेळ यात मला तरी हाच फरक दिसतो. गोट्या दोघंही टाकतात.

एका बाबतीत मात्र मी लेखात गल्लीवर अन्याय केला, तुम्ही बोट ठेवलंत तिथेच. 'ओट्यावरचा कॅरम हात बिघडवतो' असं मी लिहिलं होतं. बसण्याउठण्याच्या सवयी बिघडवतो, हे खरंच. पण बळ किती लावायचं याचा अंदाज तिथेच आला. पावसाळ्यात फुगलेला बोर्ड, ओली हवा, वर टांगलेला शंभरचा बल्ब चालू असेल तर घासतो कमी, लाइट गेली की पुन्हा चिकट. अशा बोर्डावर राणी हळूच ढकलत न्यायला जो शिकला त्याला स्पर्धेचा गुळगुळीत बोर्ड सोपाच वाटतो. वहीतून हे आलं नसतं. ते वाक्य मी काढून टाकलंय.

रात्री जागवल्या म्हणता, त्या आम्हीही जागवल्या. त्या वहीत कशाला मांडू? रविवारी ओट्यावर बसतो तेव्हा वही घरीच असते. बायको म्हणते त्या दिवशी मी जास्त हरतो.

आणि एवढं सगळं झाडून झाल्यावर तुम्ही तळाला हळूच विचारलंत की नातवाला बोर्ड घ्यायचाय, कोणता घेऊ. खरं सांगू, ते वाचून फार बरं वाटलं. नाव कुठलंही असो, आतली खेळायची जागा 74 सेंटिमीटरच्या आसपास हवी. लहान मुलांचा म्हणून छोटा बोर्ड घेऊ नका, दोन वर्षांनी सगळे अंदाज पुन्हा बसवावे लागतात. पॉकेट साडेचार सेंटिमीटरच्या आतच हवं, दुकानात मोठ्या भोकांचे बोर्ड मिळतात, त्यात सगळंच जातं. स्ट्रायकर 15 ग्रॅमपेक्षा जड नको. आणि दुकानातच, लाजू नका, तो पावडर टाकलेल्या बोर्डावर जीव खाऊन समोरच्या फ्रेमवर मारा. या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेतीन फेऱ्या झाल्या तर बोर्ड घ्या. दोनातच दमला तर दुकानदार काहीही म्हणो, पुढच्या दुकानात जा. तुमच्याकडे गोट्यांना कूकऱ्या म्हणतात ना? त्याही हातात घेऊन बघा, साधारण सव्वापाच ग्रॅमच्या. आजकाल फार हलक्या येतात, ठोकल्या की उडून बाहेर.