अध्यक्षसाहेब, आधी बिल्टी बदला

मालवाहतूकदारांच्या जिल्हा संघटनेत नवा अध्यक्ष आला की सत्कारातच डिझेल, टोल आणि चक्का जाम सुरू होतं. विषय खरे आहेत. संपाचा उपयोगही होतो: जानेवारी २०२४ मध्ये गाड्या थांबल्या, म्हणूनच १ जुलैला न्याय संहिता आली तेव्हा तिच्यातलं हिट अँड रनचं कलम १०६(२) बाजूला ठेवलं गेलं. पण डिझेलचा भाव जिल्हा संघटनेच्या हातात नाही, बिल्टी, म्हणजे मालासोबत जाणारी वाहतुकीची पावती, आहे. पहिले सहा महिने तिच्यावरच घालवावेत असं माझं ठाम मत आहे.

सध्याची बिल्टी बघा. नग, वजन, गाडी नंबर, भाडं, सगळं आहे. गाडी कंपनीच्या गेटवर किती वाजता लागली, त्याला रकाना नाही. गाडी सकाळी सातला लागते, सिक्युरिटीच्या रजिस्टरला एंट्री दुपारी तीनला होते, आत घेतात दुसऱ्या दिवशी. हॉल्टिंग, म्हणजे गाडी अडकून पडल्याचे पैसे, मागितले की कंपनी रजिस्टर पुढे करते आणि विषय संपतो. म्हणून तीन वेळांचे रकाने छापून घ्या: गेटवर लागली, आत घेतली, खाली झाली. प्रत्येकीपुढे सही-शिक्का. सही नाकारली तर ड्रायव्हरने गेटच्या पाटीसकट गाडीचा वेळ-लोकेशनचा फोटो लगेच ऑफिसला पाठवायचा. मोकळे तास किती, नंतर दिवसाला हॉल्टिंग किती, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची हमाली) कोणाची, हे मागच्या बारीक अक्षरांत नको, पुढच्या बाजूला हवं. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही घोषणा आपण वर्षानुवर्षं देतोय. बिल्टीवर ते लिहिलेलं नसेल तर वाराई ड्रायव्हरच्याच खिशातून जाते.

गेटवर अडकलेल्या गाडीचं ई-वे बिलही (मालासोबत लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल) संपतं. त्याची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे ७८० किलोमीटरला चार. मुदत वाढवता येते ती संपण्याआधीच्या आणि नंतरच्या ८ तासांतच, आणि वाढवायची त्या वेळी माल ज्याच्याकडे आहे त्या वाहतूकदाराने. रात्री बाराला संपलेलं बिल सकाळी आठनंतर वाढत नाही. करपात्र माल पकडला गेला तर दंड कराच्या दुप्पट. संघटनेच्या ऑफिसात रात्री एक माणूस फक्त यासाठी बसवा, त्याचा पगार सहज वसूल होईल.

आता थकलेलं भाडं. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म-लघु वाहतूकदाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. अडचण दोन ठिकाणी येते. एक, भाडं थकल्यावर केलेली नोंदणी मागच्या बिलांना सहसा कामी येत नाही, म्हणून सभासदत्वाच्या फॉर्मसोबतच उद्यम करून घ्या. दोन, दिवस मोजायचे कधीपासून, हा वाद होतो. पोचेवर, म्हणजे माल मिळाल्याची सही असलेल्या कागदावर, तारखेसकट शिक्का असेल तर तो वाद राहत नाही.

ओव्हरलोडबद्दल थोडक्यात. चार टायरच्या मागच्या ॲक्सलला २०१८ पासून १०.२ ऐवजी ११.५ टन मिळाले, तरी जादा भरणं थांबलं नाही. केंद्रीय कायद्यात दंड २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. तीन टनांना २६,०००, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही. वजनकाट्याची पावती बिल्टीला जोडल्याशिवाय गाडी निघता कामा नये.

सगळ्यात अवघड काम घरातलं आहे. एक-दोन गाड्यांच्या मालकाची भाड्याची बाकी बहुतेक वेळा कंपनीने नाही, त्याला माल मिळवून देणाऱ्या आपल्याच बुकिंग ऑफिसवाल्या सभासदाने अडवलेली असते. कारण ठरलेलं: ‘ओरिजिनल पोच आली नाही.’ कुरियर हरवलं की बाकी गेली. शिक्क्याच्या पोचेचा स्पष्ट फोटो आल्यापासून सात दिवसांत बाकी द्यायची, शॉर्टेज असेल तर तेवढीच रक्कम लेखी कारण देऊन कापायची, असा ठराव करा. मोठे सभासद नाराज होतील आणि वर्गणीही त्यांचीच जास्त असते, हे मान्य. तरीही पहिल्याच कार्यकारिणीत दोन्ही बाजू समोरासमोर बसवून हे मंजूर करून घ्या, आणि नवी बिल्टी त्याच आठवड्यात छापायला द्या.