उपवासकाळातला अर्धा कप

राखेचा बुधवार म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, कपाळाला राख लावून घ्यायचा. त्या दिवशी चर्चमधल्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, दरवर्षी बायबलमधल्या मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं तेच वाचन येतं. उपास करताना चेहरा पाडून बसू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, उपास लोकांना कळू देऊ नका. या काळात आवडीचं काहीतरी सोडायची रीत आहे. मांसाहार सोडणाऱ्याला हे जमतं. आमच्या वसईत तर फारच जमतं, कारण मटण बंद म्हणजे पापलेट चालू, आणि तळलेल्या पापलेटासमोर चेहरा कसा पाडायचा हाच प्रश्न असतो. चहा सोडणाऱ्याचं मात्र कठीण आहे. आपल्याकडे चहा गुपचूप पिता येतो, गुपचूप सोडता येत नाही.

तसं पाहिलं तर चर्चने कोणाला चहा सोडायला सांगितलेलंच नाही. 18 ते 59 वयाच्या माणसांनी राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे असे दोन दिवस एकदाच पोटभर जेवायचं, बाकी दोन वेळा थोडंसं, शिवाय उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस नाही, एवढंच. पेयाने उपास मोडत नाही, हा जुना दंडक आहे. सतराव्या शतकात युरोपात चॉकलेट प्यायल्याने उपास मोडतो का, यावर धर्मपंडित हिरिरीने भांडले होते. चहाच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. तेव्हा हे दुखणं आपलं आपण विकत घेतलेलं असतं आणि फादरांकडे तक्रार नेता येत नाही.

शहाणपणाचा मार्ग म्हणजे दहा दिवस आधीपासून, दर दोन दिवसांनी एक कप कमी करणे. दिवसाला पाच कप असतील तर हिशेब बरोबर जमतो. कागदावर. प्रत्यक्षात उपवासकाळात लग्नं लागत नाहीत, त्यामुळे राहिलेली सगळी त्याच दहा दिवसांत उरकायची असतात, आणि प्रत्येक मांडवात चहा फिरत असतो. म्हणून कप मोजू नका, पावडर कमी करा. दोन कपांना दोन चमचे टाकत असाल तर दीड, मग एक, मग अर्धा. आलं आणि साखर तशीच ठेवा, म्हणजे जिभेला लवकर संशय येत नाही.

हे न करता मंगळवारी रात्रीपर्यंत पाची कप रिचवले, तर पुढचं वेळापत्रक ठरलेलं आहे. एका कपात साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम कॅफीन असतं. ते मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसून धरतं. ते बंद झालं की त्या सैलावतात आणि शेवटच्या कपानंतर 12 ते 24 तासांत डोकं धरतं. म्हणजे कपाळावर बाहेरून राख आणि आतून ठणका, दोन्ही एकाच दिवशी. गुरुवार-शुक्रवार सर्वांत वाईट. मग ओसरतं, पण चिवट डोकी नऊ दिवसांपर्यंत दुखू शकतात. सकाळच्या पहिल्या कपाशिवाय ज्यांचं पोट हलत नाही, त्यांच्याबद्दल इथे लिहीत नाही. कोमट पाणी प्या.

गोळी घेताना पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफीन घातलेलं असतं. अशा गोळीने अर्ध्या तासात जादूसारखं बरं वाटलं, तर तो चमत्कार नव्हे, तो पाण्याबरोबर गिळलेला चहा होता.

पर्याय म्हणून कॉफी ही शुद्ध लबाडी. ग्रीन टीसुद्धा त्याच झाडाची पानं. गवती चहा मात्र नावापुरता चहा. ते गवत आहे, त्यात कॅफीन नसतं. दीड कप पाण्यात चार-पाच पाती गाठ मारून टाका, अर्धा इंच आलं ठेचून घाला, पाच-सहा मिनिटं खळखळू द्या, मग दूध. कच्चं आलं थेट दुधात पडलं तर दूध फाटतं. गूळही गॅस बंद केल्यावरच घाला, त्याच कारणासाठी. रंग भुऱ्या कागदासारखा येतो, पण हातात गरम कप असतो, आणि माझ्या मते निम्मी सवय हाताचीच असते.

ही सगळी तयारी दुसऱ्याच्या घरी कोसळते. “चहा नको” या वाक्याला मराठीत अर्थच नाही. ते ऐकून माणसं आधण ठेवायला उठतात. “आत्ताच घेतला” म्हटलं तर “मग अर्धा घ्या.” “साखर बंद केलीय” म्हटलं तर बिनसाखरेचा येतो. “ॲसिडिटी आहे” हे चालतं, पण उपास लपवायला खोटं बोलायचं म्हणजे कन्फेशनची, पापकबुलीची, रांग आली. खरं सांगावं तर मत्तय आडवा येतो, आणि वर “अरे वा, केवढा निग्रह!” हे कौतुक ऐकताना आपल्याला आवडतं, ते वेगळंच पाप. शेवटी अर्धा कप घेतला जातो. असे पाच अर्धे झाले की दिवसाचे अडीच कप होतात, हे गणित कोणी करत नाही.

मग पळवाटा. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस 46. त्यातले सहा रविवार उपासात धरत नाहीत, म्हणून 40. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची धरली जाते, म्हणून शनिवारचा सहाचा चहाही सुटतो. 19 मार्चला संत जोसेफचा सण, 25 मार्चला मरियेला देवदूताने दिलेल्या संदेशाचा. ते शुक्रवारी आले तर मांससुद्धा चालतं, मग चहाने काय घोडं मारलंय? मंगळवारपर्यंत ज्याला सण विचारले तर नाताळ आणि ईस्टर एवढेच आठवायचे, तो शुक्रवारी पंचांगकर्त्यासारखा बोलायला लागतो.

एवढं करून गुरुवारी संध्याकाळी डोकं फुटायला लागतं. तेव्हा वाचनातलं तेल आठवतं. खोबरेल कोमट करायचं, दोन चमचे पुरतं, टाळूवर आणि कानशिलांवर चोळायचं, तोंड धुवायचं आणि चेहरा हसरा ठेवून बाहेर येऊन बसायचं. अगदी लिहिल्याबरहुकूम. घरातलं कोणीतरी त्या चोपडलेल्या डोक्याकडे बघतं.

“डोकं दुखतंय का रे? थांब, आलं घालून अर्धा कप टाकते.”